पुसलं, मोकळं, भरलं

भवानी पेठ, पुणे
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

चि. संस्कृती हिला करीमचाचाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी हातात पडलं. खरं म्हणजे ते गुरुवारीच आलं होतं, पण पोस्टमनने खालच्या मजल्यावर दिलं आणि त्या लोकांनी दोन दिवस सांभाळून मग 'तुमच्याकडे कुणाची तरी पत्रिका आलीय' असं म्हणत वर आणून दिलं. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट दिसलं की हल्ली लोकांना फक्त लग्नच आठवतं. तुझं अक्षर मी लगेच ओळखलं. दहावीत होतीस तेव्हाही 'क'ची शेपटी अशीच लांब ओढायचीस.

दोन वर्षं होत आली, तू माझा फोन उचलत नाहीस याचा मला राग होता. चार पानं वाचली आणि राग गेला. नाही उचललास तेच बरं झालं. फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो असतो आणि तूही 'बरं चाचा' म्हणून ठेवून दिला असतास.

इकडचं सांगतो. हमीदाचाची बरी आहे. तिच्या मते मी बरा नाही. खुब्यात घातलेल्या सळीला पावसाळी हवा कळते. वेधशाळेच्या आधी मला समजतं. काठी वापरतो, पण घरात नाही. दर रविवारी तुझ्या आजीकडे जातो. पूलगेटहून हडपसरची बस मिळते, म्हणजे मिळाली तर मिळते. मथुरामावशी गुडघे सोडले तर ठणठणीत आहेत. नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि खाली बोट दाखवून दर रविवारी मला तेच सांगतात, "तिथं आपला ऊस हुता करीम, आता बघ, पवायचं डबकं हाय." मग न विचारता चहा येतो. मग दुसरा प्रश्न येतो, "पोरगी दिवाळीला येनार हाय का?" मी म्हणतो, कामात असेल. त्या म्हणतात, बंगळुरात दिवाळी नसती का.

तुझ्या आईने, रुपालीवहिनींनी, मागच्या महिन्यात मला एक खोकं दिलं. अपघाताच्या चौकशीवाल्यांनी परत केलेलं सामान. त्यात आपला पिंगळा होता. माझ्या टेबलावर समोरच ठेवलाय. पडद्याला साधा चरासुद्धा नाही, फक्त मागच्या तारा तुटल्यात. दुरुस्त होईल. अजून हात लावलेला नाही.

तुझ्या बाबांना लोकांनी वेड्यात काढलं होतं ते तुला आठवत असेल. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर हडपसरचे लोक बंगला बांधतात, गाड्या घेतात, फार तर निवडणुकीला उभे राहतात. विश्वजीत पंचेचाळिशी उलटल्यावर विमान चालवायच्या शाळेत जाऊन बसला. चार माणसांचं जुनं पांढरं विमान बघायला गेला तेव्हा तपासायला मला घेऊन गेला. मी घड्याळजीचा मुलगा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या विमानातली उपकरणं दुरुस्त करत आलो होतो. मी तीन दोष काढले. विकणाऱ्याचं तोंड पडलं आणि विश्वजीत खूष झाला. म्हणाला, "विमान घेतो, आणि करीमभाई, तुम्हालाही घेतो." तुझ्या आजीने विमानाच्या नाकाला कुंकू लावलं आणि बैलाचं नाव दिलं, खिलारी.

आणि त्या विजा दाखवणाऱ्या यंत्राला पिंगळा म्हणायचं हे विश्वजीतचंच. पहाटे दारात येऊन पुढचं सांगून जाणारा पिंगळा त्याने लहानपणी पाहिला होता. तळहाताएवढा गोल पडदा. दूर कुठे वीज पडली की त्या दिशेला एक ठिपका. टॅबवर रडारचं चित्र यायचं, पण ते जमिनीवरून पोचेपर्यंत पाव तास जुनं झालेलं असायचं. विश्वजीत ते बाजूला सारायचा. म्हणायचा, "शिळं आहे, करीमभाई. तुमचा पिंगळा काय म्हणतोय ते सांगा." पिंगळ्याची एकच खोड. ढग शांत झाला तरी जुने ठिपके काही वेळ पडद्यावर तसेच राहतात. म्हणून बटण दाबून पडदा पुसायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं. ठिपके परत आले तर ढग जिवंत आहे, लांबून जा. नाही आले तर वाट आहे.

एकदा तू मागे बसली होतीस. मी म्हणालो, "साफ आहे." विश्वजीतला कळेना, पडदा साफ की आभाळ साफ. तू मागून करवादलीस, "तुम्ही दोघं एका शब्दात दोन गोष्टी सांगता." घरी आल्यावर तीन शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून आणलेस आणि यंत्राखाली चिकटवलेस. बटण दाबलं की 'पुसलं'. मिनिट झालं आणि पडदा रिकामाच राहिला तर 'मोकळं'. ठिपके आले तर 'भरलं'. रेडिओवर इंग्रजी, पण विमानात आपले हे तीन शब्द. सतरा वर्षांच्या पोरीने नियम घालून दिला आणि आम्ही दोघं म्हातारे तो पाळत आलो. ती पट्टी अजून आहे. 'भरलं'वरचा अनुस्वार उडालाय.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येतो. तू विचारलंस, "चाचा, त्या दिवशी बाबा माझ्या फोनमुळे ढगात शिरले का?"

नाही. असलं काही मनात आणू नकोस. अहवालात 'उपकरण उपलब्ध असूनही वैमानिकाने वादळी ढगात प्रवेश केला' असं लिहिलंय ते तू वाचलंस. ते लिहिणारे लोक ढगात नव्हते. तू दिवाळीला ये. आजी वाट बघते.

आमच्या कामात नोंदवहीत पूर्ण नाव घालून सही करावी लागते, नुसतं 'करीम' चालत नाही. विश्वजीत चेष्टा करायचा, की हा माणूस घरी दुधाच्या पिशवीवरही पूर्ण सही करत असेल. तुला मात्र साधंच लिहितो.

तुझा
चाचा


भवानी पेठ, पुणे
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५

चि. संस्कृतीस आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टकार्डावर अडीच ओळी, आणि त्याही पोस्टमनने वाचल्या असणार. "चाचा, तुम्ही 'नाही' लिहिलंत, कारण लिहिलं नाहीत. म्हणजे तुम्ही माझं मन राखताय. चेतनला मी 'नाही' असं कळवलं आहे, आणि दिवाळीला येणार नाही."

चेतन कोण ते मला वहिनींकडून कळलं. चांगला मुलगा आहे म्हणाल्या, दोन वर्षं थांबलाय म्हणाल्या. त्याला नाही म्हणायचं कारण काय, तर तू म्हणतेस की बाबांना घरी बोलावून मारलं त्या मुलीने संसार करू नये. हे वहिनींनी सांगितलं. सांगताना त्या रडत नव्हत्या. त्यांना रडायचाही कंटाळा आलाय.

ठीक आहे, कारण लिहितो. जेवढं मला ठाऊक आहे तेवढं.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी आम्ही लातूरला गेलो. विश्वजीतच्या मित्राकडे काम होतं, ते दोन वाजता संपलं. परतीच्या पावसाचे दिवस, दुपारनंतर ढग चढतात, म्हणून तीनला निघायचं ठरलं. मित्राने आग्रह केला, चहा झाला. मग त्याच्या भावाकडे चहा झाला. साडेतीनला धावपट्टीवर पोचलो तेव्हा तुझा फोन आला. मी शेजारीच उभा होतो, तुझा आवाज मलाही ऐकू येत होता. तू म्हणालीस, "बाबा, सातला पाहुणे येणार आहेत. दर वेळी तुमचं विमान आणि आम्ही वाट बघायची. आज उशीर केलात तर मी त्यांच्यासमोर येणार नाही."

विश्वजीतने फोन खिशात टाकला आणि हसला. मला म्हणाला, "आजीवर गेलीय." एवढंच. त्याच्या कपाळावर एक आठी नव्हती. मला म्हणाला, "पाहुणे काय, पोहे खात बसतील."

निघायच्या आधी त्याने मला नेहमीचा प्रश्न विचारला. मोकळे होऊन आलात का, असं तो दर वेळी विचारायचा. लहान विमानात त्याची सोय नसते. मी हो म्हणालो.

अर्ध्या वाटेवर पश्चिमेला ढगांची रांग दिसली. उजनीच्या पाण्याच्या अलीकडे. काळी होती, पण मध्ये एक फट होती आणि फटीतून उजेड येत होता. विश्वजीतने ती फट पाहिली आणि तरीही डावीकडे वळवलं. नीट वाच, संस्कृती. त्याने डावीकडे, दक्षिणेला वळवलं. म्हणाला, "वळसा घालून जाऊ. अर्धा तास जास्त लागेल. चिडू दे पोरगी." तुझा फोन होऊन तेव्हा तास झाला होता आणि तुझे बाबा लांबच्या रस्त्याला लागले होते. फोनमुळे घाई करणारा माणूस लांबचा रस्ता धरत नाही.

हे कारण पुरे आहे. यापुढचं मला आठवत नाही. चौकशीतही मी तेच लिहून दिलं आहे, सहीनिशी.

बुधवारी गणपती बसतील, पेठेत मांडव रस्त्याच्या मधोमध आलेत, बस आता वळसा घालून जाते. चेतनला परत लिही.

तुझा
चाचा


भवानी पेठ, पुणे
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

संस्कृती,

तुझं दुसरं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ. "लांबचा रस्ता धरला होता, तर मग फटीत कसे गेले?"

मी या ओळीचीच भीती धरून होतो. शाळेत असताना तू गणित तपासायचीस तशी माझी पत्रं तपासतेस, हे मला कळायला हवं होतं. पाच दिवस कार्ड पिंगळ्याला टेकवून ठेवलं होतं. हमीदा म्हणाली, "त्या पोरीला उत्तर द्या, नाहीतर ते यंत्र घराबाहेर काढा." तिलाही काही माहीत नव्हतं. या रविवारी सांगितलं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला सगळं आठवतं.

दक्षिणेला वळल्यावर विश्वजीतने विचारलं, "करीमभाई, पिंगळा काय म्हणतोय?" पडद्यावर फटीच्या दिशेला ठिपकेच ठिपके होते. जुने असतील म्हणून मी बटण दाबलं. इथे 'पुसलं' म्हणायचं होतं. मी 'मोकळं' म्हणालो. विश्वजीतने विमान सरळ केलं आणि आम्ही फटीकडे गेलो. चुकीचा शब्द तोंडातून गेला. हे झालं कारण.

वरचा परिच्छेद लिहून मी उठलो, नमाज पढून आलो आणि परत वाचला. खोडत नाही. पण तोही अपुरा आहे. असं वाटतं, की जीभ घसरली, म्हातारा माणूस आहे, चालायचंच. तू रडशील, मला माफ करशील, आणि आपण दोघं त्या चुकीच्या शब्दाला दोष देऊ. तसं झालेलं नाही.

आता जे लिहितो ते तुझ्यासारख्या पोरीला लिहायला मला लाज वाटते. दोन वर्षं या लाजेनेच गप्प ठेवलंय.

मला लघवीला लागली होती.

लातूरला दोन ठिकाणी चहा झाला होता. धावपट्टीवर एकच जागा होती आणि तिच्यापुढे शिकणाऱ्या मुलांची रांग होती. माझं वय आणि माझा आजार, मला वेळ लागतो. त्या मुलांच्या पुढे उभं राहून खोळंबा करायची मला लाज वाटली. विश्वजीतने विचारलं, मोकळे होऊन आलात का, तेव्हा मी फटकन हो म्हणालो. अर्ध्या वाटेवर मला बसवेना. पट्टा पोटावर सैल केला. तुझे बाबा 'अर्धा तास जास्त' म्हणाले तेव्हा माझ्या अंगाला घाम फुटला. मी म्हणू शकलो असतो, विश्वजीत, मला त्रास होतोय. तो हसला असता, मागची पाण्याची बाटली रिकामी करून हातात दिली असती आणि जन्मभर चेष्टा केली असती. बस, एवढंच झालं असतं.

मी बटण दाबलं. पडदा रिकामा झाला. मी घड्याळाकडे पाहिलं. अब्बांचं घड्याळ, सेकंदकाटा असलेलं. बारा सेकंद झाले होते. मी म्हणालो, "मोकळं."

विश्वजीतने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघत विचारलं, "मिनिट झालं?"

मी म्हणालो, "झालं."

घड्याळजीच्या मुलाने मिनिटाबद्दल खोटं सांगितलं, संस्कृती. शब्द चुकला नव्हता. तू दिलेला शब्द मला नीट माहीत होता, माझ्या डोळ्यांसमोर तुझ्या अक्षरात चिकटवलेला होता. मी तो वापरून खोटं बोललो.

त्याने विमान सरळ केलं. त्यानंतर मी पडद्याकडे पाहिलं नाही. मी खिडकीतून उजनीचं पाणी शोधत होतो, म्हणजे घर किती लांब राहिलं ते कळेल. तीन मिनिटांनी उजेड गेला. पहिल्यांदा गारा लागल्या. मग खालून कुणी तरी काढून घेतल्यासारखं विमान बसायला लागलं. इंजिन पूर्ण जोरात आणि तरी आम्ही खाली. मी पडद्याकडे पाहिलं तेव्हा ठिपक्यांनी तो पांढरा झाला होता. मी म्हणालो, "भरलं." त्यालाही दिसत होतं. मी तरी म्हणालो.

तो चिडला नाही. मला काही विचारलं नाही. त्याला कळलं होतं की नाही ते मला माहीत नाही. मिनिटभर वाट पाहिल्यावर रिकामा राहिलेला पडदा तीन मिनिटांत असा भरत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्याचे हात कामात होते. पाण्याच्या कडेचं रान त्याने निवडलं. शेवटी म्हणाला, "करीमभाई, पट्टा." माझा पट्टा सैल आहे हे त्याने त्या गडबडीत पाहिलं होतं. मी ओढला. मग बांध आला आणि बाभूळ आली. डावी बाजू आधी लागली. डावीकडे तो बसला होता. लोक म्हणतात त्याने मला वाचवायला मुद्दाम तसं वळवलं. मुद्दाम वळवलं की विमानच तसं वळलं, हे मला माहीत नाही, त्यामुळे मी ते म्हणणार नाही. पट्टा मात्र त्याच्यामुळे घट्ट होता.

गावातल्या लोकांनी मला बाहेर काढलं. माझी विजार भिजलेली होती. पाऊस एवढा होता की सगळेच भिजले होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझी लाज त्या पावसाने झाकली, आणि ती तशीच झाकलेली राहावी म्हणून मी चौकशीत 'आठवत नाही' लिहून सही केली. माझ्या तीस वर्षांतली एकच खोटी सही. ती खोटी होती म्हणून अहवालात सगळं विश्वजीतवर गेलं. हडपसरला लोक म्हणाले, हौसेपायी गेला. मी ऐकून घेतलं. आणि तू तिकडे बंगळुरात बसून, आपल्या फोनने बाबा गेले, असं धरून चाललीस, तेही मला वहिनींकडून वर्षापूर्वीच कळलं होतं. एका वाक्यात तुला सोडवू शकलो असतो. ते वाक्य मी वर्षभर खिशात घेऊन तुझ्या आजीकडे जात राहिलो आणि चहा पीत राहिलो. विश्वजीत गेल्यापासून मावशी लोकांना सांगतात, हा माझा दुसरा लेक. मला ते सोडवेना. हे सगळ्यात वाईट आहे, आणि ते ढगात झालेलं नाही, गॅलरीत खुर्चीवर बसून झालेलं आहे.

परवा रविवारी मथुरामावशींना सांगितलं. तुला लिहायच्या आधी त्यांना सांगणं भाग होतं, नाहीतर तू फोन करून सांगितलं असतंस आणि मी परत सुटलो असतो. त्या गॅलरीत मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, चहापासून. लघवीचंही सांगितलं. त्यांचे हात मध्येच थांबले.

मग म्हणाल्या, "किती येळ थांबायचं हुतं?"

"एक मिनिट."

"आन् तू?"

"बारा सेकंद."

"मला ते शेकंदाचं कळत न्हाई. दाव."

मी घड्याळ काढून त्यांच्या मांडीवरच्या मेथीत ठेवलं आणि सेकंदकाटा दाखवला. काटा इथून निघून परत इथे आला की मिनिट, असं सांगितलं. आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत बसलो. बारा सेकंदांच्या खुणेवरून तो पुढे गेला तेव्हा मी सांगितलं, इथे मी बोललो. त्या काट्याकडेच बघत राहिल्या. खाली तलावात पोरं ओरडत होती. मिनिट खूप मोठं असतं. मी आयुष्यभर घड्याळं पाहिली, पण एवढं मोठं मिनिट मला ठाऊक नव्हतं. काटा परत जागेवर आला.

मावशी म्हणाल्या, "एवढंच व्हय?"

मी मान हलवली.

त्यांनी घड्याळ उचलून मला दिलं. काचेला लागलेलं मेथीचं पान आधी पदराने पुसलं. म्हणाल्या, "तू आज मोकळा झालास. जा, पोरीला बी मोकळी कर. माझं ऱ्हाऊ दे."

मी म्हणालो, "मावशी..."

"जा, करीम. बस जाईल."

चहा आला नाही. पुढच्या रविवारी ये, असं त्या म्हणाल्या नाहीत, येऊ नको असंही म्हणाल्या नाहीत. मी जाणार नाही. त्यामुळे संस्कृती, आता रविवारी त्यांच्या गॅलरीत दुसऱ्या खुर्चीवर कुणी नसेल. तू येतेस का ते बघ. दिवाळीची वाट बघू नकोस. मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तू माझ्यासाठी करायचं काम नाही. चेतनला लिही. आणि फोन करत जा सगळ्यांना, चिडून केलास तरी चालेल. चिडून केलेल्या फोनने कुणी मरत नाही. ते मी जवळ उभं राहून पाहिलेलं आहे.

पिंगळा वेगळ्या पार्सलने पाठवतोय. पट्टी काढलेली नाही.

या पत्राची एक प्रत चौकशी कार्यालयाला जाईल. तिथे उपयोग व्हावा आणि तुलाही पुढे कधी शंका येऊ नये म्हणून शेवट नोंदवहीत लिहितात तसा करतो. चाचा म्हणून सही करायचा हक्क मी सोडलाय.

दिनांक १४ ऑक्टोबर २०२३ ची नोंद, उशिरा केलेली.
पडदा पुसला. एक मिनिट थांबायचं होतं, बारा सेकंद थांबलो. वैमानिकाने विचारलं असता मिनिट झाल्याचं खोटं सांगितलं.
वैमानिकाने मिळालेल्या माहितीवर बरोबर निर्णय घेतला.
वैमानिकाच्या मुलीने निघण्यापूर्वी केलेल्या फोनचा या घटनेशी संबंध नाही. समक्ष ऐकलं आहे.
आधीची सही खोटी होती. ही खरी.

करीम इब्राहिम तांबोळी